लक्ष्मीचा पान्हा आणि देवघरातली घंटा

माझ्या नणंदेचं लग्न मी जवळजवळ मोडलंच होतं. गाय निर्दोष होती.

साठ सालाच्या आसपास कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेत गवळी गाय दारात आणून दूध काढून देत. आमच्याकडे मुनियप्पा लक्ष्मीला आणायचा. वासरू गेल्यापासून ती पान्हा चोरायची. गूळ-कोंडा पुढे आला तरच सोडायची.

माझा दीर वसंता कॉलेजात मानसशास्त्र शिकत होता. म्हणाला, “वहिनी, एका रशियन शास्त्रज्ञानं रोज आधी घंटा वाजवून मग कुत्र्याला खायला दिलं. शेवटी नुसत्या घंटेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी!”

“खायला न देता?”

“न देता!”

(मी एवढंच ऐकलं. गुळाची ढेप झपाट्यानं झिजत होती.)

देवघरातली घंटा आणली. आधी घंटा, मग गूळ. पंधरा दिवसांत घंटेसरशी धार! मी लगेच गूळ बंद केला.

आठवडा मजेत गेला. रविवारी मल्लेश्वरमहून कमलला, म्हणजे माझ्या नणंदेला, पाहायला मंडळी यायची होती. मुलाच्या आईनं कॉफीवरून दोन मुली नाकारल्याचं कानावर होतं. कॉफी ताज्या दुधाचीच हवी! चार वाजता मी घंटा वाजवली. लक्ष्मी ढिम्म. पुन्हा वाजवली. दोन्ही हातांनी वाजवली!

“अक्का, स्वल्प हळू,” मुनियप्पा म्हणाला. “गाय भिते.”

“वसंता! ही बिघडली!”

वसंता खिडकीतून ओरडला, “खाणं बंद केलं की सवय मोडते, वहिनी!”

“मग आधी बोलला का नाहीस?”

“ते पुढच्या प्रकरणात आहे! आज वाचलं!”

गूळ आणायला वळते तोच दारात टांगा थांबला. पाहुणे! आणि मी पदर खोचून, घंटा हातात, गाईसमोर. मुलाच्या आईनं चपला काढून हात जोडले. त्यांचे यजमान टाळ्या वाजवत आरतीच म्हणू लागले! काय करणार? मी घंटा वाजवत राहिले. मुनियप्पानंही टाळ्या धरल्या.

आरती संपल्यावर बाईंनी पिशवीतली केळी लक्ष्मीला भरवली. सहा. लक्ष्मीनं चरवी भरली!

“केवढी श्रद्धा हो तुमची!” बाई गहिवरल्या. “या घरची मुलगी आम्हाला पसंत आहे.”

कमल अजून आत वेणीच घालत होती.

लग्न झालं. विहीणबाई वरचेवर केळी घेऊन येऊ लागल्या. त्या कोपऱ्यावर दिसल्या की लक्ष्मी पान्हा सोडायची. मी दिसले की आखडायची! दुधात पाणी घालू नये म्हणून मी मुनियप्पासमोर ठाण मांडून उभी राहायची. शेवटी तोच म्हणाला, “अक्का, दूध पाहिजे ना? मग तुम्ही आत जा.”

गेले. तेव्हापासून दूध पातळ येऊ लागलं. पण येऊ लागलं!