खाकी कव्हरमधली मुलगी

गेल्या रविवारी, इथे जर्मनीत, एर्लांगेनला, आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात मी एका नऊ वर्षांच्या मुलीला रडवलं. मुद्दाम नाही... पण रडवलं, हे खरं.

तिचं नाव एसी. खालच्या मजल्यावर राहते, तिच्या आईबरोबर. आई, अबेना, मूळची घानाची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माझं जर्मन सुधारावं म्हणून एसी मला तिची पुस्तकं वाचायला देते, आणि परत घेताना माझी तोंडी परीक्षाही घेते.

या वेळी तिने तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं. पोहण्याच्या टीममध्ये जाऊ बघणाऱ्या एका काळ्या मुलीची गोष्ट. तिच्या भरघोस कुरळ्या केसांवर टीमची टोपी बसत नाही, कोच म्हणतात केस काप, आणि ती म्हणते, टोपी बदला... मुखपृष्ठावर ती पूलच्या काठाशी केस मोकळे सोडून, कमरेवर हात ठेवून उभी आहे.

एसीने दुकानात फक्त तो चेहरा बघून पुस्तक उचललं होतं. "हिचे केस माझ्यासारखे आहेत," हे तिने मला निदान चार वेळा सांगितलं. गुरुवारी हेच पुस्तक ती वर्गापुढे सांगणार होती. इथे तिसरीतल्या प्रत्येक मुलाला आपलं आवडतं पुस्तक असं सगळ्यांसमोर सांगावं लागतं.

आता माझ्याबद्दल. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांची नोकरी धरणांच्या साइटवर, जवळपास धड शाळा नाही, म्हणून त्यांनी मला घरीच शिकवलं. आणि अ-आ-इच्याही आधी शिकवलं ते पुस्तकाला कव्हर घालायला. खाकी कागद, कोपरे आत दुमडलेले, चिकटपट्टी अजिबात नाही, वर नावाचं लेबल.

दुसऱ्याचं पुस्तक घरात असलं की मला धास्तीच असते. कॉफीचा एक थेंब अगदी जवळ सांडला आणि मी तडक जाऊन पार्सलचा खाकी कागद आणला. झकास कव्हर घातलं. लेबलवर सुवाच्य अक्षरात एसीचं नाव.

रविवारी मोठ्या अभिमानाने तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं. "ती कुठे गेली?"

"आत आहे. खराब होऊ नये म्हणून..."

"तू तिला लपवलंस," एसी म्हणाली. मग खाली बघत, "माझ्या वर्गातली लीनापण म्हणाली होती, दुसरं पुस्तक घे, छान मुलगी असलेलं." तिचे डोळे भरून आले आणि दार बंद झालं.

पुढचे दोन तास मी अबेनाला मेसेज लिहीत होते आणि पुसत होते. खरंच फक्त डागासाठी कव्हर घातलं ना मी? आमच्या घरात रंगावरून कुणी कधी काही बोललं नाही, असं लिहिणार होते... आणि मावशीचा बेसनाचा लेप आठवला. दर सुट्टीत, फक्त मला. मावसबहिणीला नाही. ती गोरी होती.

शेवटी बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कोपरे नीट दुमडले होतेस ना?"

"बाबा, ती रडली हो."

"तिला तुझं कपाट दाखव," ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी मी खालची बेल वाजवली. अबेनाने शांतपणे ऐकून घेतलं, हसली मात्र नाही. "हे तू तिलाच सांग," एवढंच म्हणाली. एसी पुस्तक छातीशी धरून माझ्या मागून वर आली. कव्हर अजून तसंच होतं... तिने ते काढलंही नव्हतं, याचं मला जास्तच वाईट वाटलं.

मी कपाट उघडलं. मराठी, इंग्रजी, माझ्या पीएचडीची जाडजूड पुस्तकं... सगळी खाकी. एसी बघतच राहिली. मग म्हणाली, "तुझी पुस्तकं कुठल्या शाळेत जातात? सगळ्यांना एकच युनिफॉर्म!"

मला इतकं हायसं वाटलं की हसता हसता माझेच डोळे भरून आले.

मग तिने खेळच सुरू केला. एकेक पुस्तक काढायचं, मला विचारायचं, "यात कोण आहे?" आणि मला काही केल्या आठवेना! लहानपणची माझी एक अतिशय आवडती गोष्ट होती, धरणाजवळ राहणाऱ्या एका मुलीची. बाबांनी कव्हर घालूनच हातात दिलेली, पंधरा-वीस वेळा तरी वाचली असेल. ती मुलगी म्हणजे मीच, असं मला वाटायचं. एसीने त्या पुस्तकाचं कव्हर सोडवलं. आत दोन वेण्या घातलेली, गुलाबी गालांची, गोरीपान मुलगी.

एसीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही तुझ्यासारखी दिसत नाही."

नाही दिसत... आणि सत्तावीस वर्षांची होईपर्यंत मला ते माहीतच नव्हतं.

मी तिच्या पुस्तकाचं कव्हर काढायला हात पुढे केला, तर तिने ते मागे ओढलं. "नको. गुरुवारपर्यंत राहू दे."

गुरुवारी अबेनाकडून एक फोटो आला, तिला एसीच्या बाईंनी पाठवलेला. एसी वर्गापुढे उभी, एका हातात चुरगळलेला खाकी कागद, दुसऱ्या हातात ते पुस्तक, डोक्याच्याही वर. आत कोण असेल, हे तिने आधी सगळ्या वर्गाला ओळखायला लावलं होतं. राजकन्या, फुटबॉलपटू, डिटेक्टिव्ह... लीनाने घोडा सांगितला म्हणे. फोटोखाली अबेनाचा हसरा इमोजी. रविवारनंतरचा पहिलाच.

काल एसीने नवीन पुस्तक दिलंय. वर चिठ्ठी: "युनिफॉर्म नको. कॉफी लांब ठेव."

कॉफी आता स्वयंपाकघरातच राहते. पुस्तक टेबलावर आहे, चेहरा वर करून... थँक यू, एसी. माझ्या हातात परत पुस्तक दिल्याबद्दल.