चांदवडकरांच्या पानावरची ओळ

ओवीचं अक्षर तिच्या वडिलांपेक्षा सुरेख आहे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे. चौतीस वर्षं शाळेत पोरांची अक्षरं घोटून घेतली मी, तेवढा अधिकार मला आहे. पंचवटीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे वडील, उपेंद्रभावजी, तीर्थोपाध्याय. त्यांच्या पुढच्या खोलीत लोखंडी कपाट आहे आणि त्यात लांबट वह्यांची चळत. रामकुंडावर विधीला येणाऱ्या यजमानांची कुळं त्यांत लिहिलेली: कोण कुठून आलं, सोबत कोण होतं, घरात नवं कोण जन्मलं. खाली यजमानाची सही. कुणाला त्याच्या पणजोबांची सही काढून दाखवली की मोठमोठी माणसं डोळे पुसायला लागतात.

त्या वह्यांचा एक नियम आहे. लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तरी तसंच ठेवायचं, आणि पान फाडायचं तर नावच काढायचं नाही. ओवी नववीत असताना भावजींचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून वहीत तीच लिहायची.

मागच्या वर्षी ती कॉलेज अर्धवट टाकून ओझरला मावशीकडे कॉम्प्युटरच्या कोर्सला गेली. निदान आम्हा शेजाऱ्यांना तसं सांगण्यात आलं. मी काही दूधखुळी नाही, पण गप्प बसले. परत आली ती दोन महिन्यांचं बाळ घेऊन, एकोणीस वर्षांची पोर. बाळाचा बाप तिच्याच वर्गातला. तो पुण्याला गेला आणि नंबर बदलून बसला. बाळाचं नाव तिने एकटीनेच ठेवलं, विश्वेश.

घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाळ नाहीच. त्या दोघांना माडीवरच्या खोलीत ठेवलं. दुपटी गच्चीवर वाळत घालायची नाहीत, खोलीतच पंख्याखाली पसरायची. बाळ रडलं की खालून टीव्हीचा आवाज वाढायचा. ओवीची आई सुधा जेवणाचं ताट वर ठेवून बाळाकडे न बघता खाली यायची. बघितलं असतं तर खाली येता आलं नसतं, असं ती मला पुष्कळ नंतर म्हणाली. तेव्हा काय उपयोग त्याचा?

ओवीला फक्त जायचं होतं. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम मिळत होतं. तिथल्याच लंकाबाई कामावर जाणाऱ्या बायकांची पोरं सांभाळायच्या आणि वरची खोलीही भाड्याने द्यायच्या. हे सगळं पोरीने फोनवरून जमवलं होतं. अडलं होतं कागदांवर. आधार कार्ड, बारावीचं मार्कशीट, विश्वेशचा जन्मदाखला, सगळं एका निळ्या फायलीत, आणि ती फाईल त्या वह्यांच्या कपाटात. किल्ली भावजींच्या जानव्याला.

तिने मागून पाहिलं, पाया पडून पाहिलं. दोन दिवस जेवली नाही, तर दूध आटलं आणि बाळ भुकेने कळवळायला लागलं, म्हणून तिसऱ्या दिवशी मुकाट्याने जेवली. रुसून उपाशी राहायचीसुद्धा सोय उरली नव्हती तिला. मग मला म्हणाली, काकू, तुम्ही तरी बोला. मी गेले. भावजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मुलगी नाही." मी खाली मान घालून घरी आले. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी मी, त्या एका वाक्यावर गप्प झाले. त्याचा राग मला अजून येतो, भावजींचा कमी आणि माझा जास्त.

मग चांदवडचं स्थळ आलं. स्थळच म्हणायचं, फक्त ते बाळासाठी होतं. शेखर कांद्याचा व्यापारी, भावजींचा पिढीजात यजमान. त्याच्या आणि निकिताच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. माणसं चांगली होती, हेच तर वाईट. भावजींनी त्यांना शब्द देऊन टाकला. दत्तकाला कायदा असतो, कचेऱ्या असतात, असं मी सुधाला म्हटलं. पण शेखरचं म्हणणं पडलं की कागदाचं पुढे बघू, आधी पोराचं नाव आमच्या पानावर लागू द्या. त्याच्या वडिलांची, भिमाजींची सही त्या पानावर होती, आजोबांचा अंगठा होता. त्याच्या लेखी कोर्टाच्या शिक्क्यापेक्षा ती वही मोठी, आणि भावजींच्या लेखीही.

आणि ते नाव लिहायचं ओवीने! पानावर चार वर्षं एक अक्षर आहे, ते बदलायला नको, एवढाच भावजींचा विचार. यात काही क्रूर आहे हे त्या माणसाला खरोखर कळलं नाही, असं मी आजही शपथेवर सांगेन. ओवी शांतपणे हो म्हणाली. मला वाटलं, मोडली पोर. चांदवडकर यायच्या आदल्या दिवशी मी वर गेले तर मला म्हणाली, "काकू, उद्या कपाट उघडेल ना." तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला ती फाईल हवी होती.

सकाळी चांदवडची मंडळी आली. सोबतीला कुणी बाईमाणूस असावं म्हणून सुधाने मला बोलावलं होतं. निकिताने आल्या आल्या बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पायात चांदीचे वाळे घातले. भावजींनी कपाट उघडलं. निळी फाईल वरच्या कप्प्यात समोरच दिसत होती. ओवी पुढे सरकली. भावजींनी वही काढली, दार लावलं, किल्ली फिरवली आणि जानवं सदऱ्यात सारलं. संपलं.

ओवी पाटावर बसली, वही मांडीवर ओढली आणि लिहायला लागली. घाई नाही, खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर तिने वही फिरवून निकितासमोर ठेवली.

निकिता ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायला लागली. "शेखर भिमाजी व निकिता, राहणार चांदवड, आज दर्शनास आले. त्यांनी चिरंजीव विश्वेश, वय चार महिने, यास मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला. विश्वेश हा ओवी उपेंद्र हिचा मुलगा. आईने तो कोणासही दिलेला नाही."

शेखर म्हणाला, "गुरुजी, हे काय लिव्हलंय? खोडा ते."

भावजी वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहीत खोडत नाहीत."

निकिता उठली. तिने बाळ ओवीच्या मांडीवर ठेवलं, वाळे काढले नाहीत. "हिची ना नाही, असं सांगितलं होतं तुम्ही आम्हाला," एवढंच ती भावजींना म्हणाली आणि रडत बाहेर गेली.

पाहुणे गेल्यावर भावजींनी पुन्हा कपाट उघडलं. वही जागेवर ठेवली, निळी फाईल काढली आणि ओवीच्या पायाशी टाकली. "ओळ राहील," ते म्हणाले. "तू राहू नकोस."

सुधा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ओवी एक पिशवी आणि बाळ घेऊन माझ्या दाराशी आली, आजची रात्र राहू का म्हणाली. मी म्हटलं, अगं, इतक्या वर्षांचा शेजार आहे, तो मोडेल. हो, हे मी म्हटलं. रिक्षा मात्र करून दिली.

परवा सातपूरला गेले, तूप आणि लोकरीचं टोपडं घेऊन. वर पत्र्याची खोली, खाली लंकाबाईंकडे सहा पोरं. विश्वेश सर्दीने गच्च झालेला. ओवी दोन शिफ्ट करून आली होती, डोळे खोल गेलेले. मी मुद्दाम तिला चांगली बातमी सांगितली. शेखर पुन्हा येऊन गेला, पान फाडा म्हणून हटून बसला होता. भावजींनी पिढ्यांचा यजमान तोडला, पण पानाला हात लावू दिला नाही.

तिने टोपडं खाली ठेवलं. मी तिला इतके महिने पाहत होते, पण रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"वहीत ठेवलं ना आम्हाला," ती म्हणाली, "मग घरात का नाही ठेवलं, काकू?"

मी विश्वेशचं नाक पुसत राहिले.