वरदच्या तक्त्यातलं कारण

बडोद्याच्या रावपुऱ्यातला वरद चित्रे चौतिशीचा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तो संगणकासाठी नियम लिहितो: कामगारांनी सांगितलेल्या तक्रारीतून यंत्र, बिघाड आणि कारण वेगळं काढून तक्त्यात भरायचं. "कारण काढलं की बिघाड जातो," हे तो जेवतानाही ऐकवायचा. पाच मुलींचे नकार पचवलेल्या त्याच्या आईला, मोहनाताईंना, मात्र घास गिळवत नसे.

सहावी छाणीची यशश्री. ती वरदला मनापासून आवडली होती. मुलगी पाहून आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला, "पत्रिका जुळत नाही हो." नकार गोड करायला बडोद्यातली मराठी घरं हेच सांगतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वरदने ते वाक्य नियमांतून गाळून घेतलं. बिघाड: नकार. कारण: पत्रिका. मग दोन ज्योतिषी गाठून, अठ्ठावीस गुण जुळत असल्याचा सहीशिक्क्याचा दाखला त्याने छाणीला पाठवला.

मोहनाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, असं करतं का कुणी?"

"कारण त्यांनीच दिलंय, आई!"

संध्याकाळी खुद्द यशश्रीचा फोन आला. "पत्रिका कुणी उघडलीच नव्हती. मी बोलत होते आणि तुम्ही माझी उत्तरं लॅपटॉपवर रकान्यांत भरत होतात. तेव्हाच ठरलं."

वरदने लॅपटॉपवरचा तक्ता उघडला. मग त्याने 'पत्रिका' खोडून 'मी' लिहिलं.

"आई, आधीच्या पाचांनीही पत्रिकाच सांगितली होती. तिथेही बदलू?"

मोहनाताईंना लेकाची दया आली, पण खोटं बोलवेना.

"बदल," त्या म्हणाल्या. "आणि सातवीकडे जाताना लॅपटॉप घरी ठेव."