आवळ्याखालची रेवताबाई

रेवताबाईवर मी पहिल्याच दिवशी ओरडलो होतो, तेही चाळीस पोरांसमोर. बाई तलावातून घागर भरून आणायची आणि सरळ रोपांकडे न जाता सगळ्या जागेला कडेकडेनं वळसा घालायची. आत शिरावंच लागलं तर पोरांच्या पावलांचे ठसे शोधून नेमका त्यांच्यावर पाय ठेवायची. मी म्हटलं, अहो बाई, अशानं सांज होईल, मधून चाला ना सरळ. तिनं ऐकून घेतलं आणि तशीच चालत राहिली. मला राग लवकर येतो. त्या दिवशी तर फारच आला.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. मी आंधळगावचा. लाखांदूरला एस.टी.तून उतरून पुढे सहा मैल सायकल हाणली की माझी शाळा लागायची. 'परिसर अभ्यास' शिकवायचा, आणि तो चार भिंतींच्या आत, फळ्यावर पान काढून? माझ्या डोक्यात खूळ शिरलं. गावाची मिळून एक बाग करायची, पोरांना तिथंच बसवून झाड, माती, किडा, पाखरू सगळं शिकवायचं. शाळेमागं तलावाच्या पाळीला लागून अर्धा एकर पडीत होती. सरपंच मारोतरावांकडे गेलो तर त्यांनी एका शब्दात देऊन टाकली. तिथंच मला शंका यायला हवी होती. शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी माणसं डोकी फोडतात अशा गावात पाण्याजवळची जमीन ओस का पडून आहे? मी विचारलं, तर म्हणाले, "असीच हाय." मी खुशीत परत आलो. काय सांगू, अक्कल गहाण टाकली होती.

पण गावानं केलं, हे खरं. घरटी एक रोप आलं. गड्यांनी काट्यांचं कुंपण घातलं. जूनअखेर माती ओली झाल्यावर पोरांनी खड्डे खणले. बाई मात्र एकही फिरकली नाही. दिवाळीनंतर पाण्याची ओढ लागली तेव्हा धिवरांच्या मोहल्ल्यातून रेवताबाई आपणहून आली. चाळिशीची, काटक, दिराच्या जाळ्यातली मासोळी दारोदार विकून पोट भरणारी. नवरा बुधराम साप चावून गेलेला, मूलबाळ नाही. म्हणाली, "पानी मी टाकीन." मला वाटलं, असते एखाद्या बाईला झाडांची आवड.

माझी एक निसर्गपेटी होती, काचेच्या झाकणाची. बागेत सापडेल ते त्या पेटीत: पिसं, बिया, गांधीलमाशीचं घरटं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची. वस्तूचं नाव, शोधणाऱ्याचं नाव, तारीख. तपासणीला आलेले साहेबसुद्धा वा म्हणाले होते. खड्डे खणताना एका पोरानं पांढरा, बारीक तुकडा आणला. मी न बघताच म्हटलं, गोगलगाईचं शिंपलं. तो पेटीत गेला. ते शिंपलंच होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चौथीतल्या पुष्पाला एक भोकाचा पैसा सापडला होता, जाळ्याच्या हिरव्या नायलॉन दोऱ्यात ओवलेला. मी ऐटीत चिठ्ठी लिहिली: 'जुने नाणे. शोधणारी पुष्पा. २८ जून.'

डिसेंबरात एका दुपारी रेवताबाई बादली ठेवायला वर्गात आली. शाळा सुटली होती, मी वह्या तपासत होतो. बराच वेळ तिची चाहूल लागली नाही म्हणून वर पाहिलं, तर बाई पेटीसमोर जमिनीवर बसलेली. रडत नव्हती. काचेवर बोट ठेवून त्या दोऱ्याची गाठ बघत होती.

मग तिनं सांगितलं, आणि गावानं पोटात ठेवलेलं सगळं मला कळलं. दात न आलेलं लेकरू इकडे जाळत नाहीत, पुरतात. बापानं न्यायचं, पुरायचं, जनावरानं उकरू नये म्हणून वर दगडकाटे ठेवायचे आणि मागं न पाहता परत यायचं. आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर आई तिथं जाऊन बसते आणि पुढचं लेकरू पोटात टिकत नाही, असं म्हणतात. रेवताबाईची पोरगी पाच महिन्यांची होऊन तापानं गेली होती, एकोणसत्तर साली. बुधरामनं तिच्या कमरेला पैसा बांधला होता, जाळ्याच्या दोऱ्यात, जाळ्याचीच गाठ मारून. दोन वर्षांनी तो मेला आणि जागा त्याच्याबरोबर गेली. मोठा पूर आला तेव्हापासून गावानं तिकडे पुरणं सोडलं. दगड वाहून गेले, काटे लोकांनी चुलीत घातले. उरली ती माझी पडीत जमीन.

पोरगी नेमकी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून ही बाई कुठंच पाय ठेवत नव्हती. आणि मी तिला सरळ मधून चाला म्हणून सुनावलं होतं.

तिनं एकच विचारलं. "गुरुजी, कोनत्या खड्ड्यात भेटला हा?"

चिठ्ठीवर सगळं होतं, जागा तेवढी नव्हती. नाव लिहा, तारीख लिहा, एवढंच मी पोरांना शिकवलं होतं. जागा लिहा, हे मला सुचलंच नव्हतं. पैसा उपसलेल्या मातीच्या ढिगात सापडलेला, आणि तो ढीग तर पोरांनी पांगवून टाकला होता. खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाहवेना. मी खिडकीतून हात केला. "तो, आवळ्याचा."

तिनं पैसा पदराच्या टोकाला बांधला, बाहेर गेली आणि कंबरभर आवळ्यापाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. पाणी सगळ्या झाडांना घालायची, मग घटकाभर आवळ्याखाली टेकायची.

महिनाभरानं कुंपणाशी शकुनबाई उभी राहिली, तेल्याच्या घरची. पन्नाशी उलटलेली. म्हणाली, माझ्या पोराचं काही सापडलं का? मी नाही म्हणालो. ती हलेना. शेवटी मी करंजाकडे बोट केलं. मग वच्छला आली, तिला बेहडा दिला. एकदा खोटं बोललो होतो, आता कोणत्या तोंडानं थांबणार? दोन वर्षांत रेवताबाई धरून अकरा बाया आल्या. अकरा झाडं मी वाटून टाकली, वर्गात पोरांना पाटीपेन्सिली वाटतात तशी. पोरं त्याच झाडांखाली बसून पानं, साली, मुळं शिकायची. मी शिकवायचो आणि मध्येच बोलणं विसरायचो. खाली काय आहे, कुणाचं आहे? की ज्या झाडाखाली काहीच नाही तिथंच मी एका आईला बसवलं? सात वर्षं त्या बागेत मला एकदाही मोकळा श्वास घेता आला नाही. साहेब येऊन बागेचं कौतुक करायचे तेव्हा तर पळून जावंसं वाटायचं.

पंच्याऐंशी साली साकोलीला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळीच बागेत गेलो. आवळा डोक्यावर वाढला होता, खाली रेवताबाई गवत काढत होती. मी सांगून टाकलं. म्हटलं, "रेवताबाई, हे झाड मी असंच दाखवलं होतं. पैसा कुठं सापडला ते मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं." तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिनं हातातलं गवत बाजूला टाकलं. "मले मालूम हाय," ती म्हणाली. "त्या पुष्पाले मी त्याच दिवशी इचारलं होतं. तिले आठवत नव्हतं."

"मग सात वर्षं इथं का बसलात?"

करंजाखाली शकुनबाई झाडून घेत होती. रेवताबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आधी माह्याच जीवासाठी बसली. खोटं असन तं असन. मंग ह्या बाया येऊन राहिल्या. मी उठली असती तं त्याइचे झाडंबी गेले असते. आता तुमी जाऊन राहिले, गुरुजी. कोनाले सांगू नोका."

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्या अकरा जणींत रेवताबाई सर्वांत शेवटी गेली, आणि ही बातमी मला गेल्या महिन्यात कळली. म्हणून आज लिहिलं.