सुशीलाक्कांची पाच वाजताची डिलिव्हरी

संध्याकाळी पाच वाजले की सुशीलाक्का आपल्या गळ्यातली टेप काढून एखाद्या पोराच्या गळ्यात अडकवायच्या आणि ओरडायच्या, “आज हा मास्तर! डिलिव्हरीची वेळ झाली, चला चला!”

म्हैसूरला विठ्ठल मंदिराच्या मागच्या खोलीत त्या बारा मुलं सांभाळत. त्याआधी सगळा जन्म ब्लाउज शिवण्यात गेलेला. मी पुण्याहून बदलीवर आलेली, शेजारची मंजुळा मेटगळ्ळीच्या कारखान्यात कामाला. अक्का नसत्या तर दोघींनाही नोकरी सोडावी लागली असती.

खोली मंदिराची. सहाला तिथे भजन बसायचं. एकदा मंदिराचे पंच नारायणप्पा लाकडी ठोकळ्यावर पाय पडून आपटले आणि त्यांचा गुडघा सुजला. म्हातारा असा भडकला! “शुक्रवारी बघायला येतो. भजनाच्या वेळी एक खेळणं जमिनीवर दिसलं, तर सोमवारपासून खोली बंद. आयतु, संपलं!”

मी मोठी शहाणी! लगेच प्लास्टिकचे डबे आणले, त्यांवर नावं छापून चिकटवली. तीन-चार वर्षांची पोरं काय वाचणार, कपाळ! ती स्वतःच डब्यांत जाऊन बसली. अक्का पोट धरधरून हसल्या. “अय्यो, सुम्मने, उगीच ‘उचल, उचल’ म्हटलं तर कोण उचलेल वो? तुम्ही तरी उचलाल काय?” माझ्या घरातला पसारा आठवून मी मुकाट डबे गोळा केले.

दोन दिवसांत अक्कांनी उरल्यासुरल्या कापडांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या. गाड्यांना चौकडीची, ठोकळ्यांना जरीकाठाची, आणि प्राण्यांना एकेकाची वेगळी, फुलाफुलांची. पोरांना म्हणाल्या, “हे ह्यांचे कपडे. माझ्या दुकानातून उघडं कुणी घरी जायचं नाही!” झालं! पोरं पिसाटली. वाघाला टेप लाव, सशाची नाडी ओढ, ‘घट्ट होतंय का रे’ म्हणून विचार. घरी चमचाही न उचलणारी माझी मिहिका ठोकळे वेचत होती आणि मी तोंडाचा आ करून बघत होते.

शुक्रवारी नारायणप्पा पाऊण तास आधीच आले आणि थेट सतरंजीवर बसले. टेप मिहिकाच्या गळ्यात होती. एकेक पिशवी भिंतीशी लागली. शेवटी एक रिकामीच राहिली.

“हत्ती कुठाय?” मिहिका किंचाळली.

मी वाकून शोधायला लागले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं. “बेड, बेड, नको. हात लावू नका वो. आज तुम्ही शोधलंत तर उद्या कोण शोधेल?”

पोरांनी खोली पालथी घातली. मिहिका थेट नारायणप्पांसमोर जाऊन उभी राहिली. “आजोबा, उठा.”

त्या माणसाला ‘उठा’ म्हणायची मंदिरात कुणाची टाप नव्हती. ते काठी टेकत उठले. खाली हत्ती!

“बघा, उघडाच बसलाय!” म्हणत तिने तो पिशवीत कोंबला आणि पिशवी त्यांच्याच हातात दिली. “नाडी बांधा. घट्ट.”

त्यांनी बांधली. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी जमीन निरखून पाहिली. एवढासा ठोकळाही नव्हता.

“अक्का,” ते म्हणाले, “सोमवारपासून मी पाचलाच येतो. नाडी बांधायला माणूस कमी आहे तुमच्याकडे.”

पोरांनी आरोळी ठोकली. मला रडूच फुटलं. अक्कांनी मात्र कमरेवर हात ठेवले. “या की! पण उशीर केलात तर दुसरा माणूस ठेवीन, आत्ताच सांगते.”