चिंध्यांचं खोकं

आमच्या धाराशिवच्या गल्लीत भांड्यांवर जुने कपडे घेणारी एक बाई येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कपडा हातात आला की ती आधी तो उजेडात धरते, शिवण ताणून बघते आणि घडी घालण्याआधी सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लावते. गेल्या महिन्यात वडील गेले, तेव्हा त्यांचे कपडे मी तिलाच दिले. बदल्यात एक पातेलं मिळालं.

परवा मात्र मीच तिच्याकडे कपडे मागितले. लेक एअरगननं नेम धरायला शिकतेय. त्यासाठी मागच्या खोलीत भिंतीला टेकवून जाड लाकडी खोकं ठेवलं, आत लोखंडी पत्रा लावला. छर्रा पत्र्यावरून उलटून येऊ नये म्हणून पुढं चिंध्या गच्च ठासायच्या होत्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गाठोडं सोडलं. पण सदरे तसेच दिले नाहीत. एकेकाच्या बाह्या उसवल्या, गळे फाडले.

"असं कशाला, मावशी?"

"निम्मी कापडं गेलेल्या माणसांची असत्यात, दादा. बाह्या असल्या की माणूसच वाटतंय. त्येला गोळी कशी घालायची?"

शेवटी निळ्या रेघांचा एक सदरा उरला. तिला मदत म्हणून मीच तो उचलला आणि बाही ओढली. शिवण टरकली. तिनं झटकन सदरा माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो न्हाय," उसवलेली शिवण अंगठ्यानं दाबत ती म्हणाली. "ह्यो तुमच्या वडलांचा हाय."