टेस्टरताईने निवडलेले दिवे

कारखान्यात तिला सगळे टेस्टरताई म्हणत. एक वेळ खिशात रुमाल नसेल, पण टेस्टर असायचाच. बावीस वर्षं तिथल्या वायरी सांभाळून कुठला स्विच कधी रुसतो, हे तिला नवऱ्याच्या स्वभावाइतकं पाठ झालं होतं. नवराही तिथलाच, लेथच्या चकमध्ये लोखंड पकडून ते फिरवत कातणारा टर्नर.

शेडमध्ये नवे एलईडी दिवे आले तेव्हा मात्र तिला कुणी विचारलंच नाही. खरेदीसाहेबांनी स्वस्तात मिळाले म्हणून परस्पर मागवले आणि बाहेरची माणसं बोलावून लावूनही घेतले. लख्ख उजेड पडला. जो तो खूश.

आठवड्याभराने जेवताना नवरा म्हणाला, "आज विचित्रच झालं. चक फिरत होता आणि मला वाटलं, मशीन बंद आहे. माप घ्यायला हात पुढे नेला होता मी."

"आवाज नाही आला?"

"आजूबाजूला चार मशिनं बोंबलत असतात. त्यात आपलं कुठलं, कसं कळणार? चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर नाही वाढला," ती म्हणाली. "उद्या मी येते लेथवर."

सकाळी तिने स्वतः पाहिलं. एका ठरावीक वेगाला चकचे लोखंड धरणारे चारही जबडे जागच्या जागी थिजल्यासारखे दिसत होते. तिने एक दिवा उतरवून उघडला. आतल्या सर्किटमध्ये नको तिथे काटकसर केलेली. त्यामुळे तो दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत होता. डोळ्यांना ते कळत नव्हतं. पण चकचे सेकंदाला पंचवीस फेरे, जबडे चार. दिवा दर वेळी उजळला की पुढचा जबडा आधीच्याच जागी येऊन उभा.

"ताई, तुमचं आपलं काहीतरीच," खरेदीसाहेब म्हणाले. "सुई पडली तरी दिसेल एवढा उजेड आहे."

"सुई दिसेल, साहेब. तुटलेलं बोटही दिसेल."

ती सरळ मालकांकडे गेली आणि त्यांना नि खरेदीसाहेबांना लेथपाशी घेऊन आली. नवऱ्याने आधीच मशीन त्या वेगावर आणून ठेवलं होतं.

"चालू आहे की बंद?" तिने विचारलं.

"बंदच आहे की," म्हणत खरेदीसाहेबांनी हात पुढे केला. तिने मनगट गच्च धरलं. मग पुठ्ठ्याची लांब पट्टी चकला टेकवली. फर्रकन चिंध्या उडाल्या. तिने वरच्या दिव्यांची रांग बंद करून बॅटरी मारली, तेव्हा जबडे दिसेनासे झाले आणि नुसतं गरगरणारं वर्तुळ उरलं.

खरेदीसाहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. मालक म्हणाले, "ताई, दिवे तुम्हीच निवडा."

तिने तीन नमुने मागवले. तिन्ही न लुकलुकणारे, पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. पहिल्याची तिरीप चकचकीत लोखंडावरून थेट डोळ्यांत येई. दुसऱ्यामुळे सावली नेमकी हत्याराच्या टोकावर पडे. तिसऱ्याला दुधी काच होती, तेलाची वाफ आत शिरू नये म्हणून घट्ट बंद झाकण होतं, आणि उजेड सगळीकडे सारखा. तरी ती छतालगतच्या क्रेनवाल्याच्या केबिनमध्ये चढली. "तुला वरून कसं वाटतं?"

"पहिल्यांदाच कुणी मला विचारतंय," तो हसला. "डोळे दिपत नाहीत. हाच घ्या."

तिसरा लागला. लेथवाल्यांनी एकेक वेग लावून पाहिला. कुठेच चक थांबलेला दिसला नाही. तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, मालावरचे पूर्वी न दिसणारे ओरखडे आता धडाधड सापडताहेत. मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की यापुढे टेस्टरताईच्या सहीशिवाय या कारखान्यात एकही दिवा लागणार नाही. पहिल्या टाळ्या खरेदीसाहेबांच्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याने तिला बोलावलं. खास गाडी पाठवली. तिथले साहेब दिव्यांची चित्रं टेबलावर पसरून बसले होते. तिने ती हलकेच बाजूला सारली.

"चित्रं मग बघू," ती म्हणाली. "आधी मला मशिनं चालू करून दाखवा."